चार खिळे आणि नऊ खुर्च्या

मावशीच्या खोलीत पहिल्यांदा पाय टाकणारा माणूस बिचकायचाच. समोर भिंतीवर देवाची तसबीर, तिच्या उजव्या अंगाला एक खुर्ची टांगलेली, डाव्या अंगाला दुसरी. दोन खाटेखाली आडव्या सरकवलेल्या, एक दारामागे उभी. सगळ्या लोखंडी, घडीच्या, खट्कन मिटणाऱ्या. खोली म्हणजे केवढी, तर खाटेवर बसून ओट्यावरचं दूध उतरवता यावं एवढी. तिथं उरलेल्या चार काही केल्या मावेनात, म्हणून मावशीनं दाराबाहेर जिन्याखालच्या भिंतीत चार मोठे खिळे ठोकले आणि त्यांवर त्या अडकवल्या. जिन्याखाली ना कुणाचं जाणं, ना येणं. एक मांजर तेवढं दुपारचं निजायला यायचं.

इमारतीनं तिचं नाव ठेवलं होतं खुर्चीमावशी. तिला त्याचं काही वाटत नसे.

दवाखान्यात आयाचं काम करून तिनं लेकीला वाढवलं, उजवलं. नवरा मात्र मधेच गेला. त्या दिवशी या खोलीत एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर त्याचे धुतलेले कपडे होते. ते उचलायला कुणाचा हात होईना. माणसं आली, भिंतीला टेकून उभी राहिली, या पायावरून त्या पायावर झाली आणि गेली. त्यांचं काही चुकलं नाही. बसलेला माणूस दुःखात वाटेकरी होतो. उभा माणूस घड्याळ बघतो. दिवेलागणीला मावशी आणि लेक दोघीच उरल्या. मावशीनं तसबिरीसमोर हात जोडले आणि म्हणाली, "देवा, माझ्या दारात आलेला पुन्हा उभा राहायचा नाही. एवढं माझ्याकडून करून घे."

मग एक मंडपवाला धंदा गुंडाळत होता, त्याच्याकडून ती एकेक खुर्ची आणत गेली. दोन्ही हातांत धरून, रस्त्यात दमली की तीच उघडून बसत. पुढं इमारतीत कुणाचं आजारपण असो, कुणाची मुलगी बघायला पाहुणे येवोत, की कुणी कायमचं गेलेलं असो, मावशीच्या खुर्च्या आधी पोचत. अट एकच, परत आणताना पुसून आणायच्या.

आणि आता सेक्रेटरीसाहेब म्हणत होते, जिन्याखालच्या चार काढा.

"अडचण होते, मावशी," ते म्हणाले.

"कुणाला? मांजराला?"

"इमारतीला. उद्या मीटिंगमध्ये ठरावच आणतोय. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

पहिल्या मजल्यावरच्या शिंप्यानं खालच्या आवाजात खरं काय ते सांगितलं. "अहो, साहेबांनी नवी स्कूटर घेतलीय. तिला जिन्याखाली सावली हवीय."

रात्री लेकीनंही फोनवर तेच धरलं. "अगं आई, दे टाकून. पाच आहेत ना घरात?"

"आणि सहावा आला की?"

"सहावा उभा राहील."

"तो उभा राहील म्हणूनच ठेवल्यात बये," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉचमन दारात. "मावशी, मीटिंग आहे. साहेब म्हणाले, खुर्च्या द्या, नेहमीसारख्या."

आता आली का पंचाईत! ज्यांच्या मुळावर ठराव, त्यांच्यावरच बसून तो करायचा होता. वॉचमनलाही ते कळत होतं. तो बिचारा चपलेकडं बघत होता. पण बसायला मागणाऱ्याला नाही म्हटलं तर देवाला काय तोंड दाखवायचं? मावशीनं नऊच्या नऊ दिल्या. वर फडकंही दिलं.

अंगणात माणसं बसली. मावशी जिन्याच्या पायरीवर टेकली. विषयपत्रिकेत पहिला विषय तिचा, मग पाण्याची टाकी, मग रंगकाम. टाकीचा विषय निघाला की जेवणं थंड होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या इमारतीत मतदान उभं राहून होई. पूर्वी हात वर करत. पण एकदा शिंप्यानं दोन्ही हात वर केले, "एक घरच्यांचा," म्हणून, आणि त्यावरून सहा महिने भांडण झालं. तेव्हापासून बाजूनं असेल त्यानं उभं राहायचं.

सेक्रेटरींनी ठराव वाचला. "बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं," म्हणाले आणि आधी स्वतः उठले.

मावशीही उठली. त्यांच्या मागं गेली, खुर्ची खट्कन मिटली, काखेत मारली आणि जिन्याखाली खिळ्याला लावून आली.

"मावशी! हे काय?"

"बसलेल्या माणसाला उठवलं तर पाप लागेल मला. तुम्ही आपणहून उठलात. रिकामी खुर्ची मांडून ठेवली की अडचण होते."

कुणीतरी फिस्कन हसलं. शिंपी अर्धा उठला होता. मावशी त्याच्याकडं वळताच तो तसाच खाली बसला.

"तुम्ही बाजूनं का?" सेक्रेटरींनी दरडावलं.

"छे छे. विजार सारखी करत होतो."

निवृत्त मास्तरांनी गुडघा चोळला. "टाकीचा विषय व्हायचाय अजून. मी आपला बसूनच विरोधात."

"मीही," मागून एक वहिनी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या वेळी तीन दिवस याच खुर्च्या होत्या. तेव्हा नाही झाली ती अडचण कुणाला."

यावर कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. कुणी उठलं नाही. ठराव पडला, आणि पुढचा विषय त्यांना उभ्यानंच घ्यावा लागला. टाकीवरून नेहमीसारखी जुंपली. साहेब या पायावरून त्या पायावर होऊ लागले, मधेच घड्याळ बघू लागले.

ते मात्र मावशीला बघवेना. ती गेली, खिळ्यावरची खुर्ची काढून आणली, पदरानं पुसून त्यांच्या मागं उघडून ठेवली.

"बसा. माझ्या दारात कुणाला उभं ठेवत नाही मी. पण परत उठाल ते विचार करून उठा."

साहेब बसले. मीटिंग संपेपर्यंत पाठही हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली ठकठक सुरू झाली. साहेब जिन्यावरून वाकले. मावशी हातोडी घेऊन पाचवा खिळा ठोकत होती, मांजर बाजूला बसून बघत होतं.

"आता हा कशाला?"

"दहावीला."

"दहावी आणली कधी?"

"आणायचीय. काल एकजण उभा राहिलेला पाहिला ना मी," असं म्हणून मावशीनं खिळ्यावर शेवटचा घाव घातला.