मागच्या डाव्या चाकाचा आवाज

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, दुपारची वेळ. बुलढाण्यातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात मी मिस्त्रींना अठराशे रुपये दिले. हजर आम्ही तिघं: मी, माझी मुलगी आणि मिस्त्री. पैसे गाडीच्या मागच्या दोन्ही शॉकअपच्या रबरी बुशांचे आणि मजुरीचे. जुने बूश झिजलेलेच होते, मी हातात घेऊन पाहिले. पण गॅरेजमधून निघून पहिलं वळण घेतलं आणि ज्याच्यासाठी आलो होतो तो आवाज पुन्हा आला. खट. थोडं थांबून परत, खट.

गाडी फिरवून आणली. मिस्त्री हात धूत होते.

"साहेब, चौदा वर्साची गाडी हाय. तुमचे गुडघे नाही वाजत काय?"

"माझ्या गुडघ्यावर बसून कोणी घाट उतरत नाही."

ते हसले. "उद्या दुपारून आना. फुरसतीनं पाहू."

उद्या दुपार आमच्या कामाची नव्हती. मुलगी जनावरांची डॉक्टर आहे. जळगाव जामोदकडच्या एका दूध संस्थेत तिला पहिली नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, आणि खेड्यांत फिरायला स्वतःची चारचाकी हवी, अशी अट. गाडी नसेल तर जागा पुढच्या उमेदवाराला. आणि आमच्याकडून तिकडे जायचं म्हणजे सुरुवातच राजूर घाटानं.

घरी बायको म्हणाली, "काऊन जीव टांगनीले लावता? बसनं पाठवा तिले."

"बसमधून उतरून गाडी कुठली दाखवू त्याईले, आई?"

 मी किल्ली उचलली. निर्णय मलाच घ्यायचा होता, आणि आवाज कशाचा हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हतो.

आम्ही दोघं घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. मी चालवत होतो, ती मागच्या सीटवर कान खाली लावून आडवी झाली होती. सरळ रस्त्यावर वेगात काहीच नाही. गाडी जागची हलताना, ब्रेक दाबताना, वळताना मात्र खट.

"उजवीकडे नाही," ती मागून म्हणाली. "डावीकडे. अगदी खाली."

तशीच गाडी घाटात घातली; दुसऱ्या वळणावर आवाज थांबेचना. खटखटखट. गाडीची मागची बाजू झोकांडी दिल्यासारखी सरकली. मागून ट्रक येत होता, त्यानं हॉर्न धरून ठेवला. मी ब्रेकवर पाय न दाबता वेग उतरू दिला आणि जरा रुंद जागा दिसली तिथे कडेला घेतली. ट्रक गेल्यावरच खाली उतरलो. मी चाकांना दगड लावले. तिनं मागचं डावं चाक वरून दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं.

चाक हललं.

प्लॅस्टिकची टोपी काढली. चार नट. एक तिच्या बोटांनीच निघून हातात आला. दोन हातानं फिरत होते. चौथा तेवढा धरून होता. नटांच्या भोकांभोवती चंदेरी रंगाची पापडी सुटली होती.

तेव्हा उलगडा झाला. दसऱ्याला आमच्याकडे घरोघरी गाडीची पूजा होते. त्याआधी गाडी धुतात, पुष्कळ जण चाकांना रंगही देतात. आमच्या गाडीची चाकं यंदा मुलीनं एकेक काढून अंगणात रंगवली होती. नोकरीची गाडी म्हणून जरा हौसेनंच. नट जिथे बसतो त्या भोकांच्या आतही तिनं ब्रश फिरवला होता. हे चाक शेवटचं, त्याला डब्याच्या तळाचा घट्ट रंग लागला. त्या जाड थरावर मी नट आवळले, टोप्या बसवल्या, झेंडूचे हार घातले. गाडी धावली तसा रंग चुरडला आणि नट सैल पडले. मिस्त्रींनी बूश बदलले ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरून. चाक काढायची त्यांना गरजच पडली नव्हती.

ती हातातल्या नटाकडे बघत उभी होती. "रंग मी दिला होता, बाबा."

"नट मी आवळले होते. पाना दे."

तिथल्या तिथे चारही नट आवळून दुसऱ्या गिअरमध्ये गॅरेजात परत आलो. मिस्त्रींनी चारही चाकं उतरवली, भोकं खरवडून लोखंडापर्यंत साफ केली, आटे गेलेला एक बोल्ट बदलला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

"पन बुशचे वापस नाही होत बरं," ते म्हणाले.

"मागितले कोणी?"

सोमवारी सकाळी ती चालवायला बसली, मी शेजारी. काचा खाली, रेडिओ बंद.  घाटभर मी टायरचा आवाज ऐकत होतो, ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. एकदा मी तिला म्हणालो, समोर बघ.

घाट उतरल्यावर मोताळ्याच्या स्टँडजवळ तिनं गाडी थांबवली. मी उतरून चारही चाकांच्या टोप्या काढल्या आणि एकेक नटाला पाना लावून पाहिला. एकही हलला नाही.

"जळगावपर्यंत येता काय?" तिनं विचारलं.

यावं असं फार वाटत होतं. "नाही," मी म्हणालो. "पुढे नांदुऱ्यात थांबून एकदा पाहून घे."

गाडी वळणाआड जाईपर्यंत कान तिकडेच होता. मग बुलढाण्याची बस आली. तिकीट एक्केचाळीस रुपये. कंडक्टर म्हणाला, "वरचा एक सुट्टा द्या, काका." खिशात होता, तो दिला.