न दुखणारा पाय

संजनाची सुट्टी सोमवारी. ती कुणी मंजूर केलेली नव्हे. सोमवारी शिरोड्याची निम्मी गिऱ्हाइकं मासळीला शिवत नाहीत, मग बाजारात पाटी मांडून माश्या मारत कोण बसणार? त्यामुळे घरची, दारची, दवाखान्याची जी काही कामं आठवडाभर तुंबतात, ती सगळी त्या एका दिवसाच्या डोक्यावर. एवढी दमणूक तिला धंद्याच्या दिवशीही होत नसे.

त्या सोमवारी पहिलं काम माऊली देवीचं होतं. मागच्या आठवड्यात किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असताना तिचा डावा पाय शेंगटीवर पडला होता. या माशाचा काटा काय चीज आहे ते ज्याला लागलाय त्याला विचारावं. धट्टेकट्टे खलाशी वाळूत गडाबडा लोळतात, आईच्या नावाने टाहो फोडतात. संजनाने काटा उपटला, पाय खाऱ्या पाण्यात बुचकळला आणि वळून बांगड्याचा भाव बोलली. बाकीच्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

"गो, पाय तुझो लाकडाचो काय?" होडी हाकणारा बाबली तांडेल म्हणाला, तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता!

शेंगटीच्या विषावर इथला उपाय एकच, आणि तो खात्रीचा: सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं. संजनाला सगळंच सोसत होतं. दुखत नव्हतं तरी जखम भरत नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी तिचा हा शेक चालू होता. अंगठ्याखालची जागा काळपट पडली होती, पण दुखत नाही ही माऊलीची कृपा. ती कृपा फुकट घेऊ नये म्हणून तिने सकाळी देवळात नारळ ठेवला आणि तिथूनच रक्त तपासायच्या दुकानात गेली.

पावसाच्या आधी गावात शिबिर झालं होतं, त्यात तिची साखर जास्त निघाली होती. डॉक्टरांनी पायांना जपायला आणि उपाशीपोटी पुन्हा तपासून घ्यायला बजावलं होतं. संजनाने चहातली साखर बंद केली आणि निम्मं काम झालं असं समजून बाकीचं निम्मं सोमवारवर ढकललं. मग भातलावणी आली, चतुर्थी आली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. आज मात्र ती खुर्चीत बसली आणि दंड पुढे केला.

"उपाशी आहात ना काकू?" रक्त घेणाऱ्या सृष्टीने विचारलं.

"उपाशीच. सोमवार माझा कडक असतो," संजना शुद्ध मराठीत म्हणाली. दवाखान्यात ती शुद्धच बोलायची.

"म्हणजे सकाळपासून काहीच नाही घेतलं?"

"काहीच नाही. साबुदाण्याची खिचडी तेवढी. दोन केळी. आणि चहा, तोसुद्धा बिनसाखरेचा."

सृष्टीने सुई खाली ठेवली आणि फिस्सकन हसली. संजनालाही हसू आलं, मग थोडी लाज वाटली. उपासाला चालतं ते उपाशीपोटी चालत नाही, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"उद्या सकाळी पाण्याशिवाय काही न घेता या."

"उद्या धंदा आहे. पुढच्या सोमवारी येते."

"नक्की या हं," सृष्टी म्हणाली. नक्की, म्हणत संजना उठली. मनाला चटका लागावा अशी गोष्ट ही, की त्या सकाळी ती खुर्चीपर्यंत पोचली होती आणि तशीच परतली.

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकून ती घरी आली आणि सासूला, कृष्णाबाईंना घेऊन वेंगुर्ल्याची एसटी पकडली. नवरा गंगाराम लांबच्या एका बंदरात कामाला, तो शनिवारी घरी यायचा. सासूचे डोळे, देवाची दिवाबत्ती आणि घराची कौलं, सगळं हिच्याच अंगावर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हातारीचा डोळा तपासला.

"दुखतं का आजी?"

"नाय बाबा."

"मग छान आहे. थेंब चालू ठेवा. थोडे दिवस धूसर दिसेल."

दुखत नाही म्हणजे छान आहे. कोपऱ्यात उभ्या संजनाने ते ऐकलं आणि तिला फार बरं वाटलं. आपला पाय डॉक्टरांना दाखवावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरला पाय दाखवला तर लोक हसतील. आज एकदा हसं झालं होतं तेवढं पुरे.

परतीची एसटी खच्चून भरलेली होती. शिरोड्याला उतरून सासूचा हात धरून ती घराकडे निघाली. वाटेत शेजारची तन्वी कॉलेजातून येताना भेटली आणि थबकली.

"काकी, तुझी एक चप्पल खंय?"

संजनाने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नव्हती. रस्ता तापलेला, खडी उखडलेली. ती एसटीतच पडली असणार, म्हणजे स्टँडपासून इथवर ती अनवाणी पायाने चालत आली होती.

"गर्दीत पडली आसतली," ती हसून म्हणाली. तन्वी हसली नाही. ती त्या पायाकडे बघत होती. संजनाने पाय झटकन पातळाखाली ओढला आणि सासूला म्हणाली, "चल गो आये, अंगण झाडूचा आसा."

अंगण झाडताना मात्र तिच्या मनात ती चप्पल सलत राहिली. पायातलं पायताण गेलं आणि पायाला कळू नये? दमले असेन, असं म्हणून तिने झावळ्या रचल्या, कपडे धुतले, पाणी भरलं. पडवीत मांजर सारखं तिच्या डाव्या पायापाशी घुटमळत होतं. तिने त्याला दोनदा हाकललं.

"संजना, कसली गो घाण येता?" कृष्णाबाईंनी आतून विचारलं.

"पाटी धुवूची रवली, आये."

पाटी तिने सकाळीच धुतली होती.

दिवेलागणीला तिने चुलीवरचं पाणी टबात ओतलं आणि पाय बुडवला. आज जरा जास्तच वेळ शेकूया, म्हणजे जाईल सगळं. वाफ तोंडावर येत होती. कृष्णाबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. हातात वाटीत हळद नि खोबरेल होतं.

"दिवसभर माझ्यासाठी वणवण फिरतंस. बघू पाय, हळद लावतंय." म्हातारी शेजारी बसली आणि धूसर डोळ्यांनी चाचपत तिने हात टबात घातला.

तिची किंकाळी शेजारच्या घरापर्यंत गेली. वाटी उलटली.

"मेलंय गो! हात भाजलो माझो! पाणी कढता हा!" आणि मग तिला कळलं. "संजना... तुझो पाय आत आसा?"

"आसा."

"काढ! काढ आधी भायर! तुका कळणा नाय?"

संजनाने पाय उचलून पायरीवर ठेवला. घोट्यापर्यंत लालभडक झाला होता, बोटांवर फोड टरारले होते आणि अंगठ्याखालचा काळा डाग आता पार तळव्यापर्यंत गेलेला दिसत होता. म्हातारी फुंकर मारत होती ती स्वतःच्या हातावर नव्हे, त्या पायावर. मधेच ती तन्वीला हाका मारत होती, रिक्षा आण म्हणून ओरडत होती.

संजनाला ते सगळं लांबून ऐकू आल्यासारखं होत होतं. आयुष्यात ती एवढी कधी घाबरली नव्हती. तिने पायाचा अंगठा चिमटीत धरला, नख रुतवलं, पुन्हा रुतवलं. मग देवळाच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले.

"दुखव गो माऊली," ती रडत म्हणाली, "वायच तरी दुखव."