शिंपीणबाईंचे नवे दिवे

शिंपीणबाईंकडे माझं प्रथम लक्ष गेलं ते माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर लख्ख उजेड पडला तेव्हा. दिवेलागणीची वेळ होती. खिडकीतून डोकावलो, तर शेजारच्या अंगणात जुन्या गाडीचं बॉनेट उघडं आणि गळ्यात टेप अडकवलेल्या बाई.

"विमान उतरवताय का?" मी विचारलं.

"कसलं विमान, सर! गाडीच्या दिव्यांसाठी एलईडीचं किट आणून घरीच बसवलंय. हे म्हणतात, मिणमिणत्या दिव्यांवर संध्याकाळी गाडी काढायची नाही. मग शनिवारी बहिणीकडे कशी जाऊ?"

पायरीवर बसलेले नवरोबा म्हणाले, "मी समोर उभा राहणार. डोळे दिपले, तर शनिवार रद्द."

मी खाली गेलो. शिवणकामात खुणेची बाजू आत दडवायची सवय. त्या सवयीनं बाईंनी दोन्ही बल्बवरची 'ही बाजू वर' अशी खूण खाली करून ठेवली होती, म्हणून उजेड रस्त्याऐवजी वर फेकला जात होता. स्वतःशीच हसत त्यांनी बल्ब सरळ केले. मग टेपनं दिव्याची उंची मोजली, समोरच्या भिंतीवर त्याहून चार बोटं खाली शिंप्याच्या खडूनं रेघ ओढली आणि उजेडाची कड त्या रेघेवर नीट बसेपर्यंत स्क्रू फिरवत राहिल्या.

नवरोबा गाडीसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ पापणीही लवली नाही.

"जा," ते म्हणाले, "आणि मलाही ने."

बाई आता सत्तरीच्या आहेत. दर शनिवारी संध्याकाळी दोघं बहिणीकडे जातात. गाडी बाईच चालवतात.