बाबांशिवाय चालू झालेला कॉम्प्युटर

ये गं, फोन असा जवळ धर, तोंड दिसू दे तुझं. आणि सारखं घड्याळाकडं बघू नकोस. काकूशी बोलायचं तर चहा घेऊन निवांत बसावं माणसानं.

तुझ्या बाबांसारखा हट्टी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, हे मी शेजारीण म्हणून छातीठोक सांगते. चिकलठाण्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करून रिटायर झाले, तर माणसानं देवळात जावं, सोयऱ्यांच्या चौकशा कराव्यात; हे बसले कॉम्प्युटर चालवायचं ते लिनक्स घेऊन. भेटेल त्याला तेच. शहागंजात भाजीवाल्यालाही समजावत उभे, की हे फुकट नाही, मोकळं आहे, कुणीही उघडून बघावं. तो बिचारा म्हणायचा, "चचा, सब सही है, भेंडी लेरे क्या नई?" एकदा माझ्या जावयाचा लॅपटॉप त्यांच्या हाती लागला, तो आतलं विंडोज जाऊन लिनक्स होऊनच परत आला. तेव्हापासून जावई सासुरवाडीला लॅपटॉप आणत नाही.

तू परदेशी गेलीस, आईची नजर अधू झाली, तसं त्यांनी ठरवलं की बिलं, पेन्शन, औषधं सगळं तू तिकडून, या घरच्या स्क्रीनमध्ये शिरून बघायचं. त्यात आपल्याकडची लाइट कधी जाईल नेम नाही. म्हणून लाइट आली की कॉम्प्युटरनं आपलं आपण उठावं आणि तुला आत घ्यावं, असा बेत. रविवार आला की मेन स्विच पाडायचे, पुन्हा चढवायचे, तुला फोन लावायचे, "दिसतंय का?" तू दिसतंय म्हणालीस की स्वारी खूश. आई ओरडायची, "अहो, फ्रिजमधलं दूध नासलं!" "दूध उद्या मिळंल गं," म्हणायचे.

मग छातीत दुखून दवाखान्यात गेले, इकडं लाइट जाऊन आली, आणि तुला काही केल्या दिसेना. पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं. दर रविवारी कॉम्प्युटर उठला की हे सवयीनं पासवर्ड टाकायचे, आणि ते आत गेल्यावरच तुझी वाट उघडायची. तपासणी करताना स्वतःच कायम खुर्चीत बसलेले! सलाइन लावलेल्या हातानं कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "वहिनी, मी सगळं धरलं, मी नसंन एवढं धरायचं राहिलं."

घरी आल्यावर पथ्य बाजूला, आधी ते दुरुस्त केलं. कुणी पासवर्ड टाकायची वाट न बघता, मशीन उठल्याबरोबर तुला आत घेणारी ती सर्व्हिस चालू व्हावी असं. आणि तपासायला मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. "समजा, मी नाय," म्हणाले.

"काहीतरी अभद्र बोलू नका भाऊ."

"बोललो नाय म्हणून तर चुकलं ना!" आणि भिंतीपलीकडं हाक मारली, "चढव गं!"

तुझ्या आईनं चाचपडत मेन चढवला. आम्ही दोघं मोबाइलच्या काळ्या काचेकडं बघत बसलो, लई वेळ. मग, घरात कुणी कॉम्प्युटरला हात लावला नसताना, तिच्यावर त्याची पासवर्ड विचारणारी चौकट उमटली. "झालं वहिनी," म्हणाले, "आता माझ्यावाचून अडत नाय." हसले, पण घरी जायला उठेनात.

त्यानंतरचा उन्हाळा काही त्यांनी बघितला नाही.

आता लाइट जाते, येते, कॉम्प्युटर उठतो. कधी चुकला नाही. तू तिकडून बिलं भरायला लागलीस की इथं स्क्रीनवर बाण सरकतो. तुझ्या आईसाठी त्यांनी तो अंगठ्याएवढा करून ठेवलाय, तेवढा तिला दिसतो. बाण हलला की ती हातातलं काम टाकून खुर्ची ओढते. "आली बघा," म्हणते मला. तू काम उरकून निघून जातेस, बाण जागच्या जागी थांबतो, तरी ती बसलेलीच. परवा मी म्हटलं, उठा आता, तर म्हणाली, "थांबा हो, अजून काही बघायचं असंल तिला."

पोरी, बाबांनी सोय अशी केली की तुला यायची गरजच उरली नाही. तरी ये. सुट्टी मिळेल तेव्हा नको, मागून घे. विमानतळ काही लांब नाही, तुझ्या आईला रिक्षात घालून मी आणते. लवकर ये गं.