राणी सगळ्यांसमोर बोलली होती

शनिवारी सासूबाईंना घेऊन म्युझियमला गेलो होतो. सोबत लेक… दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी ड्राइव्ह करत कॉलेजला निघणार होती, म्हणून हा दिवस आम्हा तिघींचा.

अठराव्या शतकातल्या युरोपियन चित्रांच्या हॉलमध्ये एक भलंमोठं ऑइल पेंटिंग होतं. ढगांवर धनुष्य ताणलेले दोन देव, खाली मरून पडलेली मुलं आणि धाकटीला पदराआड घेणारी आई…

सासूबाईंनी विचारलं म्हणून शेजारची पाटी वाचून गोष्ट सांगितली. नायोबी नावाची ग्रीक राणी. अमक्या देवीला दोनच मुलं, माझी बघा किती, असं मिरवायची. देवीच्या त्या दोघांनी हिची सगळी मुलं बाणांनी मारली. राणीचा दगड झाला, पण त्यातून अजून पाणी झिरपतं म्हणे.

मी आपली मजेत सांगत होते. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सगळ्यांसमोर बोलली का गं ती?"

आदल्याच संध्याकाळी मी इथे लेकीच्या स्कॉलरशिपची लांबलचक पोस्ट टाकली होती. हिच्यासारखी आमच्या अख्ख्या ग्रुपात कोणी नाही, असंही ठोकून दिलं होतं.

त्यात चित्रासमोर लेकीचा फोटो काढला होता. कारमध्ये बसून पाहिला, तर पेंटिंगच्या काचेत माझं प्रतिबिंब… नेमकं राणीच्या चेहऱ्यावर. आणि पुढे उभ्या लेकीचं डोकं राणीच्या मांडीवर टेकल्यासारखं दिसत होतं. फोन पर्समध्ये टाकला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

संध्याकाळी सासूबाई लेकीची दृष्ट काढायला बसल्या. एरवी "आजी, स्टॉप इट" म्हणणारी ती मुकाट बसली. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची…" आणि मग हळूच, "आईची."

मीठ, मोहरी, मिरच्या तापल्या तव्यावर पडल्या. मिरच्या काळ्याठिक्कर झाल्या, पण ठसका नाही, वास नाही. साध्या फोडणीला बोंबलणारा आमचा स्मोक अलार्मही गप्प. वास आला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे लहानपणापासून ऐकलेलं… सासूबाईंचा चेहराच उतरला.

माझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर, हे सगळं त्या तव्यापाशी संपलं. उद्या हायवेवर ती एकटी असणार, एवढंच डोक्यात होतं. बाहेरच्या खोलीत जाऊन पोस्ट डिलीट केली, फोटोही. कोणाला सांगितलं नाही.

सासूबाईंनी दुसरी मूठ ओवाळून तव्यावर टाकली… आणि असा ठसका उठला की अलार्म कोकलायलाच लागला. तिघीही खोकत होतो, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या दोघींचं थांबलं, माझं थांबेना.

रविवारी दुपारी तिचा पोहोचल्याचा मेसेज आला. तेव्हा कुठे मी जेवले.

पोस्ट कुठे गेली, असं बऱ्याच जणींनी विचारलंत. भरभरून कौतुक केलंत, त्याबद्दल मनापासून आभार… पण तसं काही विशेष नाही हो. माझी मुलगी चारचौघींसारखीच आहे.