मरियेचे उघडे डोळे

भागामावशी मूळची साक्रीकडची, दिलेली धुळ्यात. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची, म्हणून श्रावणात कानबाई देवी म्हणून पुजायच्या नारळावर डोळे काढायचे ते तिनेच. डोळे सगळ्यात शेवटी. एकदा काढले की देवी बघायला लागते. मग ते पुसायचे नाहीत. पुसले तर आपल्याच घरातल्या कुणाचे डोळे जातात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आईच्या दुधाबरोबरच आलं होतं.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात ती मिशनच्या बंगल्याला चुना द्यायला गेली आणि मागच्या भिंतीवर गेरूचा मोर काढून मोकळी झाली. पाद्र्याच्या बायकोने, इंग्रिडबाईंनी, तो पाहिला. रागावायचं सोडून त्यांनी तिला तैलरंग शिकवायला घेतलं. पुढ्यात ठेवली एक छापील तसबीर. इटलीतल्या जुन्या देवळात भिंतीवर काढलेली मरिया, मांडीवर बाळ. ती हुबेहूब उतरवायची. "जमलं तर पुढे शिकवीन," बाई म्हणाल्या, "नाहीतर इथेच थांबू." मावशीला तर त्या रंगांचं वेडच लागलं होतं.

चेहरा जमला, पदर जमला. सावली तेवढी जमेना. डोळ्यांखाली गडद घे, असं बाई रोज सांगायच्या. देवीच्या तोंडाला काळं फासायचं? मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्यातच तिच्या लेकीचे, सुंदरचे, डोळे आले. पापण्या चिकटल्या, पोरीला काही दिसेना. अशात मावशीने मरियेचे डोळे काढले. टपोरे, सताड उघडे. अगदी कानबाईचे.

बाईंनी पाहिलं आणि रंग खरडायची सुरी पुढे केली. "मूळ चित्रात तिची नजर खाली आहे, बाळाकडे. रंग ओला आहे तोवर खरडून टाक."

मावशीने सुरी घेतली खरी, पण चित्रापर्यंत नेलीच नाही. "माले तठे मनी सुंदरच दिसे," ती पुढे मला सांगायची. मला त्या बाईचा अजून राग येतो. पण तिला तरी काय ठाऊक, ती कुणाचे डोळे फोडायला सांगतेय!

मावशीने सुरी ठेवली. कुंचल्यावर मरियेच्या अंगाचा रंग जाडसर घेतला आणि श्वास रोखून त्या उघड्या डोळ्यांवरून पापण्या ओढल्या. खालचा काळा ओलाच होता. तो रंगात मिसळला, पसरला, पापणीखाली उतरला. झालं, सगळ्याचं वाटोळं झालं, असं तिला वाटलं.

बाई जवळ आल्या. चित्रावर वाकल्या. इतके दिवस हटून बसलेली सावली नेमकी तिथे पडली होती.

"खरडलंस ना आधी?"

"नही, बाई. मी डोया फोडात नही. ती जागीच शे."

बाईंनी सुरी उचलली. मावशीचा जीव टांगणीला लागला. त्यांनी ती फडक्याने पुसली, बाजूला ठेवली. "उद्या बाळाचे हात घेऊ," म्हणाल्या.

मावशी घरी धावतच आली. हातांचा रंगही न धुता तिने ओल्या बोळ्याने सुंदरच्या पापण्या भिजवल्या, हलक्या हाताने पुसल्या. पापण्या सुटल्या. पोरगी किलकिल्या डोळ्यांनी बघत राहिली.

"माय, तुना हातले काय लागेल शे?"

मावशी तिथेच चुलीपाशी बसली आणि पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडली.