माझ्याच हातची गोधडी

मॅडमनी ती साडी दोन बोटांत धरून ढिगातून बाहेर काढली आणि सगळ्या वर्गाला दिसेल अशी उंच धरली.

"ही पांढरी कुणी आणली? विधवेची साडी गोधडीत घालायची नाही, एवढं साधं कळत नाही?"

मी हात वर केला. "मॅडम, विधवेची नाही. माझ्या आईची लग्नातली आहे."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "कौनसी शादी थी भाई?" मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं, ते मला बसल्या जागेवरून दिसलं. आवाज एकदम मऊ झाला.

"अच्छा. तुमच्यात असते, हो ना? असू दे. पण गिऱ्हाईक चांगल्या घरातलं येणार आहे. अंगावर घ्यायची वस्तू. उगाच कशाला?"

साडी त्यांनी घडी न करताच माझ्या बाकावर टाकली. मग पर्समधून सॅनिटायझर काढून हातांना लावलं. सकाळपासून पन्नासेक जुन्या साड्या हाताळल्या होत्या त्यांनी. सॅनिटायझर तेव्हाच आठवलं.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. हे मी अडीच वर्षं कॉलेजात कुणाला कळू दिलं नव्हतं. माझं आडनाव 'कर'वर संपतं, पटकन कुणाला पत्ता लागत नाही. कुणी आडून आडून चौकशी केली की मी विषय बदलायचे. मला लाज वाटायची. आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा. त्या दिवशी सगळं उघडं पडलं, आणि साडी तर मीच आणून ठेवली होती.

कॉलेज अंबरनाथला. मी राहते बदलापुरात, मांजर्लीला, तळमजल्यावर. त्या पावसाळ्यात उल्हास नदी घरात शिरली, ती छातीपर्यंत. आम्ही मायलेकी वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या दारात दोन दिवस बसून होतो. पाणी उतरल्यावर गाद्या, पीठ, माझी पुस्तकं, सगळ्याचा एकच चिखल झाला होता. बाबा नाहीत. आई उल्हासनगरच्या एका कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापते. घरातला गठ्ठाही भिजला. शेठ म्हणाला, "अभी नहीं बाई, पहले घर सूखने दो, फिर माल ले जाना." घर सुकायला पंखा हवा, पंख्याला पैसा हवा, पैशाला माल हवा. आई ओल्या भिंतीला टेकून बसायची आणि एकाच जागी बघत राहायची.

अशात कॉलेजने प्रकल्प काढला. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या, प्रदर्शनात विकायच्या आणि त्या पैशांतून मांजर्लीतल्या दहा घरांना अंथरूण-पांघरूण आणि शेगडी द्यायची. त्या दहांत आमचं घर होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने एक धड साडी आणायची होती. आमच्याकडे धड अशी एकच उरली होती, माळ्यावरच्या पिशवीत होती म्हणून. मी नको नको म्हणत होते. आई म्हणाली, "लोकं आपल्यासाठी शिवणार नि आपण रिकाम्या हातानं जायचं? ने गुमान."

तिने ती इस्त्री करून दिली होती. शेजारून इस्त्री मागून आणून.

साडी परत आली हे मी तिला सांगितलं नाही. कॉलेजच्या लॉकरमध्ये ठेवून दिली आणि शिवायला बसले. हो, बसले. शेगडी हवी होती. आईला रोज दोन घोट गरम चहा हवा होता. मान गेला खड्ड्यात, असं मी तेव्हा स्वतःला म्हटलेलं आहे. ते लपवत नाही.

वर्गात गोधडी कुणालाच येत नव्हती. थर अंथरताना सुरकुती कशी काढायची, धावदोरा सरळ कसा ठेवायचा, कोपऱ्यावर टाका कसा वळवायचा, हे मीच सगळ्यांना शिकवलं. मी आईकडून शिकलेले. बारापैकी सात गोधड्या मी एकटीने शिवल्या. सुयांनी बोटं सोलली होती.

केतकी माझी मैत्रीण. अडीच वर्षं एका डब्यात जेवलेलो. त्या दिवसानंतर तिचा उपवास सुरू झाला. सोमवारी उपवास, मंगळवारीही उपवास. गुरुवारी मी तिला कँटीनमध्ये सामोसा खाताना बघितलं. म्हणाली, "यार, तू आधी बोलली का नाहीस? म्हणजे मला काही नाही गं. पण घरी आजी आहे ना." तिच्या आजीने कँटीनमध्ये येऊन आमचा डबा तपासला असता बहुतेक.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "तू उद्या स्टॉलवर नको. तुझं स्टेजवर काम आहे. साधा ड्रेस घाल. आणि आईला आण."

मला वाटलं, शिवलं म्हणून सत्कार असेल. वेडी मी. आईला तसंच सांगितलं. ती किती दिवसांनी हसली. मावशींची साडी मागून नेसली, केसांना तेल लावलं, पहिल्या रांगेत ताठ बसली.

मॅडमनी माइक घेतला. "आता आपण एका पूरग्रस्त मायलेकींना मदतीचा हात देणार आहोत. यांच्या घरी आज पांघरायलाही काही नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी शिवलेली ही गोधडी प्रमुख पाहुणे त्यांना भेट देतील."

आपल्या विद्यार्थ्यांनी.

म्हणजे मी विद्यार्थिनी नव्हते. सात गोधड्या शिवून, त्यांना सुई धरायला शिकवून, मी त्यांच्यातली नव्हते. मी पूरग्रस्त. घेणारी. हात पसरून, कॅमेऱ्याकडे बघून उभं राहायचं, एवढंच माझं काम. आई माझ्या शेजारी आली होती. पाहुण्यांनी गोधडी पुढे केली. आईने तिच्यावरून बोटं फिरवली आणि तिला काय झालं कुणास ठाऊक, मोठ्याने म्हणाली, "ही तर माझ्या पोरीच्या हातची शिवण आहे!"

मॅडम हसत पुटपुटल्या, "घ्या ताई, घ्या. फोटो थांबलाय."

मी आईचा हात गोधडीवरून बाजूला केला. माइक तिथेच होता. मी तो हातात घेतला.

"ही मी शिवलीय. माझंच काम मला दान म्हणून देऊ नका. मी घेणार नाही."

खाली उतरले. कुणी टाळी वाजवली नाही. मागून ऐकू आलं, "यांना दिलं तरी माज."

आम्ही दोघी घरी आलो. आईने दार उघडलं, ओल्या लादीवर प्लॅस्टिक अंथरलं आणि मग म्हणाली, "घ्यायची होतीस गं. तुझा मान मी अंगावर पांघरू का?" आठवड्याने नऊ घरांना सामान आलं. शेजारच्यांना मिळालं, बरं झालं. आमच्या दारावरून टेम्पो पुढे गेला. आई खोकत होती.

सोमवारी मॅडमनी स्टाफरूममध्ये कोरा कागद पुढे सरकवला. "माफीपत्र लिही. पाहुण्यांचा अपमान झालाय. नाहीतर प्रकल्पाचे मार्क विसर. आणि आईसाठी तरी विचार कर. अजून एक शेगडी उरलीय."

शेगडी. मॅडमना बरोबर माहीत होतं कुठे दाबायचं. माझे डोळे भरून आले. मी पेन उचललं आणि लिहिलं.

पूर्ण नाव. आडनाव. राहणार मांजर्ली. मी बौद्ध आहे. बारापैकी सात गोधड्या मी शिवल्या. माझ्या आईची साडी मॅडमनी भर वर्गात का नाकारली, ते त्यांनी लेखी द्यावं. स्टेजवर मी नकार दिला तो शुद्धीत दिला. माफी मागणार नाही.

खाली सही केली. "याची पोच द्या," म्हटलं.

मॅडमनी वाचलं. "हे मागे घे. तुझंच नुकसान होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "पोच मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही." आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.